घरपट्टीवरचं पहिलं नाव

आमच्या गावात घरपट्टी भरायला लागू नये म्हणून कुणाचं डोकं फुटलेलं मला आठवत नाही. डोकी फुटली ती आपल्या नावावर भरायला मिळावी म्हणून. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसू दे. त्याच्या दारावर कधी पत्र्याची पाटी ठोकली गेलेली नसते.

गावाचं नाव मी सांगत नाही. मसुऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या कडेला आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर निम्मे लोक ओळखतील आणि उरलेले निम्मे मारायला येतील. मारायला येण्यात आमची माणसं तशी तत्पर. मीही त्यातलाच, म्हणून तर हे लिहायची वेळ आली.

मी गावच्या कॉलेजात वायरमनचा वर्ग शिकवतो. कॉलेज म्हणजे बी.ए., बी.कॉम. नव्हे. दहावी होऊन घरी बसलेल्या मुलामुलींच्या हाताला दोन वर्षांत काहीतरी काम यावं म्हणून गावच्या जुन्या माणसांनी ते काढलं. एका खोलीत वायरमन, एका खोलीत शिवण आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टर्नर. टर्नर म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कातून यंत्रांचे भाग तयार करणारा. आमच्या शेडमधून शिकून गेलेली माणसं आज बोटींच्या इंजिनांचे शाफ्ट कातून देतात, गोव्यात कारखान्यांत आहेत, कुडाळात आहेत. पण शेड कसली? पावसात वरून धार लागायची ती थेट मशीनच्या चकावर, म्हणजे लोखंड धरून फिरवणाऱ्या तबकडीवर. आम्ही मशीनला प्लास्टिक पांघरून ठेवायचो आणि पोरांना फळ्यावर लेथ काढून शिकवायचो. त्यात टर्नरचे जुने सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी माणूस मिळेना.

एका हिवाळ्यात वरून पत्र आलं. पक्की इमारत नाही, मशीन कालबाह्य, शिकवायला माणूस नाही. दीड वर्षाची मुदत. नाहीतर टर्नरचा वर्ग बंद. आणि टर्नर बंद झाला की मागोमाग वायरमन आणि शिवणही जाणार, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती.

माणूस माझ्याकडे होता. दादा.

दादा माझा चुलतभाऊ, आठ वर्षांनी मोठा. आम्ही एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन वाढलो. घर आजही सामायिक आहे. मधल्या खोलीच्या उत्तरेकडची बाजू आमची, दक्षिणेकडची त्याची, देवघर दोघांचं. लहानपणी तो मला मारायचा आणि मी त्याला चावायचो. त्याच्या डाव्या कानाच्या पाळीवर माझ्या दातांची खूण आहे. पुढे तो मुंबईला एका कारखान्यात लेथवर लागला आणि तीस वर्षं लेथवरच राहिला. चतुर्थीला आला की भजनाच्या मध्यंतरात दोन्ही पंजे सगळ्यांसमोर पसरून दाखवायचा. "बघा. तीस वर्सां मशीनर आसंय. बोटाक ओरखडो नाय." लोक हसायचे, की सुरू झालं ह्याचं. पण त्याची ती एकच ऐट होती. दारू नाही, सोन्याची चेन नाही, गावात नवीन बंगला नाही. दहा धड बोटं.

तो त्या वर्षी निवृत्त होणार होता. मी फोन केला. "दादा, गावाक ये. टर्नरचो वर्ग तुका देतंव."

"पगार काय देशात?"

"तुज्या पेन्शनीक चाय घालूक पुरात तितको."

तो हसला. "मेल्या, आदी सांगूचा नाय? येतंय."

म्हणजे माणूस मिळाला. उरली इमारत आणि मशीन. त्याची गोष्ट जानेवारीच्या ग्रामसभेत आली.

ग्रामसभा कॉलेजच्याच वऱ्हांड्यात होती. सरपंचबाईंनी सरळ विषय मांडला. घरांची फेरआकारणी यंदा करायचीच आहे, तर घरपट्टी वाढवूया आणि जी वाढ येईल ती चार वर्षं कॉलेजच्या इमारतीला देऊया. मला वाटलं, आता चपला फिरतात. पण नाही! एकाच्या मुलानं इथून शिकून गॅरेज काढलेलं, एकाची सून इथंच शिवण शिकलेली. माना हलल्या. मुंबईकरांच्या बंद घरांनाही तीच पट्टी, असं ठरलं. हातसुद्धा वर झाले. मी मनात म्हटलं, वा रे माझ्या गावा, उगाच तुला शिव्या घालत होतो.

मग ग्रामसेवक उभा राहिला. बाहेरून बदलून आलेला, सडपातळ, शर्ट इन केलेला तरुण माणूस. तो म्हणाला, "एक विनंती. निम्म्या घरांची आकारणी मयत व्यक्तींच्या नावावर आहे. कुणाच्या आजोबांच्या, कुणाच्या पणजोबांच्या. यंदा प्रत्येक घराला हयात माणसाचं नाव द्या. पहिलं नाव कुणाचं, ते घरातच ठरवा. तेच नाव घरनंबरच्या पाटीवर येईल."

वऱ्हांड्यात जो तो वळून आपल्या भावाकडे, चुलत्याकडे बघायला लागला. मला त्याच वेळी कळायला हवं होतं.

आमच्याकडे घर कधी वाटत नाहीत. भाऊ वेगळे होतात, चुली वेगळ्या होतात, पण घर पणजोबांच्या नावावर तसंच राहतं. मेलेल्या माणसाच्या नावावर पावती फाटत राहते आणि म्हणून सगळे नांदतात. त्या मेलेल्या माणसाला काढून एक जिवंत नाव घाला म्हटल्यावर काय होणार? ग्रामसेवक बिचारा ओरडून सांगत होता, "अहो, पावती म्हणजे मालकी नव्हे! कायद्यानं नव्हे!" कायदा कोण विचारतो? ज्याच्या नावावर पट्टी, त्याचं घर, हे आमच्या हाडात आहे.

खिडकीजवळ दोन चुलतभाऊ बसले होते, रापणीच्या जाळ्यावर रोज मासेमारीला बरोबर जाणारे. एक म्हणाला, "माजा नाव घाला." दुसरा म्हणाला, "तुजा कित्याक?" पहिला म्हणाला, "बापाशीक पोचवताना तू खंय होतंस?" बस्स. दुसऱ्यानं बसल्या जागेवरून लोखंडी खुर्ची उचलून घातली. पहिल्याच्या भुवईवर लागली आणि रक्त डोळ्यात उतरलं. त्यानं तसंच, आंधळ्यागत हात पुढे करून त्याचा गळा धरला. त्यांना सोडवायला गेलेल्यानं स्वतःच्या भावाला शेजारी बघितलं आणि त्याची कॉलर पकडली. पाच मिनिटांत वऱ्हांड्यात चार घरांच्या चार मारामाऱ्या चालू होत्या. माईक कुणीतरी उपटला आणि कुणाच्या तरी पाठीत हाणला, तो धाड धाड असा लाऊडस्पीकरमधून साऱ्या वाडीला ऐकू गेला. सरपंचबाई टेबलावर पितळी तांब्या आपटत होत्या. "बसा रे मेल्यांनो! कॉलेज आसा ह्या!"

त्या गोंधळात एक म्हातारा, ज्याचं कुणाशीच भांडण नव्हतं, माझ्याकडे बोट करून ओरडला, "मास्तरानू, कॉलेज तुमका होया. तुमच्या घराचा काय ता आदी सांगा! दुसऱ्यांच्या घरात आग लावन मजा बघतास?"

माझं डोकं फिरलं. मी रागीट आहे हे साऱ्या गावाला माहीत आहे, त्या म्हाताऱ्यालाही माहीत होतं. मी टेबलावर चढलो आणि ग्रामसेवकाच्या हातातली वही ओढून ओरडलो, "लिही! पयला आमचा घर लिही! माजा नाव लिही!"

टाळ्या पडल्या. मारामारी करणारेही क्षणभर थांबले. माझी छाती फुगली ना! कॉलेजसाठी पहिलं नाव मास्तरांचं. ग्रामसेवकानं लिहिलं. मी सही केली.

दादा त्या वेळी माझ्या डोक्यात होता की नव्हता, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं. छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही. विसरलो असं म्हणणं सोपं आहे. पण तीस वर्षं छप्पर मी शाकारलं, कौलं मी फिरवली, पट्टी मी भरली, हे कुठंतरी आत बसलेलं होतंच. ते त्या दिवशी टेबलावर चढलं.

कुणीतरी त्या पानाचा फोटो काढला आणि गावच्या मुंबईकरांच्या ग्रुपवर टाकला. खाली फुलं, टाळ्या, 'मास्तरांचा आदर्श'. दादा त्या ग्रुपवर होता. त्यानं काही लिहिलं नाही. फोनही केला नाही. मलाही करायचं सुचलं नाही. सुचलं होतं. केला नाही.

पुढचे दोन महिने आम्ही घरं मोजत फिरलो. ग्रामसेवकाच्या हातात वही, माझ्या हातात टेप. काजूचा हंगाम होता, घरोघरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बिया वाळत पडलेल्या. असं एक घर नव्हतं जिथं शिवी पडली नाही. एका घरी दोन जावा. थोरलीनं टेपचं एक टोक धरलं, धाकटीनं दुसरं, आणि दोघी 'माजी भिंत हयसून' म्हणून ओढायला लागल्या. टेप तुटली तशा एकमेकींच्या केसांत गेल्या. धाकटीच्या हातात बुचडा आला, खरा, मुळासकट. तिनं तो खळ्यात टाकला आणि वर पाय दिला. दुसऱ्या एका घरी एकानं कोयती घेऊन आम्हाला बांधापर्यंत पळवलं. ग्रामसेवकाची चप्पल मागे राहिली. ती आणायला तो गेला नाही, मीच गेलो. कोयतीवाल्यानं ती माझ्या तोंडावर फेकून मारली आणि विचारलं, "कॉलेज कधी होताला?" म्हटलं, "तू नाव दिलंस की होताला." तो म्हणाला, "मगे लिही. भावाचा पयला घाल. पण मी घातलंय म्हणान सांग त्येका."

असे शहाणे थोडेच. बाकीच्यांनी रक्त काढूनच नावं दिली. पण दिली. आणि पट्टीही भरली, हेही सांगायला हवं. जो जास्त भांडला तो आधी भरायला आला, पावती मिळावी म्हणून. कॉलेजचं काम एप्रिलात सुरू झालं.

पाट्याही आल्या. निळा पत्रा, पांढरी अक्षरं, वर घरनंबर, खाली नाव. आमची पाटी मी स्वतः ठोकली, दर्शनी दाराच्या चौकटीवर, डोळ्यांच्या उंचीला.

टर्नरच्या जागेसाठी दादाची मुलाखत त्याच महिन्यात होती. तो सकाळच्या बसनं कसालला उतरला आणि रिक्षानं घरी आला. वहिनी मागाहून येणार होती. मी खळ्यात काजूच्या बिया परतत होतो. तो खळ्याच्या कडेला, मेरेजवळ थांबला. खांद्याला बॅग, आणि हातात ती लाकडी पेटी जिच्यात त्याची मापाची हत्यारं असायची. मायक्रोमीटर, व्हर्निअर, सगळं मखमलीत. ती पेटी तो गावाला पहिल्यांदाच आणत होता. पोरांसाठी.

त्यानं पेटी जपून ओटीवर ठेवली आणि पाटीकडे बघितलं.

"ह्या काय?"

"पाटी."

"नाव कोणाचा?"

"माजा."

"आणि माजा?"

एक वाक्य पुरलं असतं. 'चल, पंचायतीत जावया, तुजापण घालूया.' ग्रामसेवकानं हसत हसत घातलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं आणि तोंडातून निघालं ते दुसरंच.

"तीस वर्सां तू खंय होतंस? पट्टी कोणी भरली?"

"भरलंस म्हणान घर तुजा झाला?"

"मगे कोणाचा? चतुर्थीक पाच दिस येतंस तेचा?"

त्यानं कानाखाली लगावली. साठीला आलेल्या माणसाचा हात, पण लेथवरचा. माझा कान तासभर वाजत होता. मी त्याच्या पोटात डोकं घातलं आणि दोघं खळ्यात कोसळलो. काजूच्या बिया पाठीला टोचत होत्या. त्यानं माझे केस धरून डोकं जमिनीवर दोनदा आपटलं. मी गुडघा मारला. पन्नाशी उलटलेली आम्ही दोन माणसं, एकमेकांचे बाप काढत होतो, आणि दोघांचे बाप एका आईचे. बायको आतून ओरडत आली, "सोडा! सोडा मेल्यांनो!" आणि बादलीभर पाणी आमच्या अंगावर ओतलं, कुत्र्यांवर ओततात तसं.

दादा उठला. धापा टाकत चौकटीशी गेला. डावा हात भिंतीला टेकवला आणि उजव्या हाताची बोटं पाटीच्या कडेखाली घालून पाटी उपटायला लागला. एक खिळा निघाला. पत्रा करकरला.

दारामागे अडसर उभा असतो, फणसाच्या लाकडाचा, मनगटाएवढा जाड. तो मी घेतला.

लोक म्हणतात, रागाच्या भरात झालं, कळलंच नाही. माझं तसं नाही. मला सगळं कळत होतं. मी पाटीला मारायला गेलो नव्हतो, भिंतीला नाही, त्याच्या पाठीला नाही. मी त्या हातावर नेम धरला. तीस वर्षं चतुर्थीला माझ्यासमोर पसरलेला हात. त्यालाच.

आवाज आला तो पत्र्याचा. बोटांचा आला नाही.

दादा ओरडला नाही. त्यानं हात खाली घेतला, समोर धरला आणि बघत राहिला. पाटी एका खिळ्यावर लोंबत होती. दोन बोटं चेचली होती, नुसतं मांस आणि रक्त. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या नजरेत. राग असता तर बरं झालं असतं.

"अरे मेल्या," तो म्हणाला, "उजवो हात रे."

बायकोनं पंचा गुंडाळला. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "शिरा पडली तुमच्या त्या हातार." असा शाप तिनं मला कधी दिला नव्हता. नंतरही नाही. तिला पुन्हा म्हणायची गरज पडली नाही.

रिक्षात तो हात वर धरून बसला होता. पंच्यातून रक्त कोपरापर्यंत येत होतं आणि माझ्या मांडीवर ठिबकत होतं. मी दोनदा "दादा" म्हटलं. त्यानं रस्त्याकडे बघणं सोडलं नाही. आता खरं सांगतो, त्या वेळी मला त्याच्या हाताची भीती कमी आणि माझी जास्त वाटत होती. सरकारी दवाखान्यात मारहाणीची जखम गेली की पोलिसांना कळवतात. पोलीस केस झाली की मी निलंबित. म्हणजे टर्नरला माणूस नाही आणि वायरमनलाही नाही. कॉलेजचा पाया घालून झाला होता आणि मी त्यावर अडसर घातला होता.

डॉक्टर तरुण होती. पंचा सोडला आणि तिनं ओठ आवळले. "कसं झालं हे?"

मी तोंड उघडलं. दादानं माझ्या आधी उत्तर दिलं, शुद्ध मराठीत, सावकाश, ऑफिसात बोलतात तसं.

"लेथवर. सकाळी कसालला उतरलो. ओळखीच्यांचं वर्कशॉप आहे. मशीन बघत होतो. चालत्या चकात हात गेला."

"तुम्ही काय काम करता?"

"टर्नर. तीस वर्षं."

तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं, माझ्या फुटलेल्या ओठाकडे एकदा बघितलं. मग लिहून घेतलं. यंत्रावर अपघात.

दादानं खोटं बोलताना माझ्याकडे बघितलं नाही. ज्या माणसाजवळ मिरवायला आयुष्यभर एकच गोष्ट होती, त्यानं ती माझ्यासाठी दोन वाक्यांत टाकून दिली. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला ओरडून सांगायचं होतं, बाई, मी मारला, मी. नाही सांगितलं.

तर्जनी पेरापासून काढावी लागली. मधलं बोट राहिलं, पण वळत नाही.

मुलाखत पुढे ढकलली ती मेमध्ये झाली. कॉलेज चालवणाऱ्या मंडळाचे पाच जण टेबलामागे आणि मी बाजूला, कागद पुरवायला. हाताला अजून पट्टी. अध्यक्षांनी विचारलं, "तीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाचा हात चालत्या चकात जातो कसा हो?"

"लक्ष नव्हतं," दादा म्हणाला.

एक सदस्य हसला. "बोटाक ओरखडो नाय, ना ओ?" भजनाला तोही असायचा. बाकीचेही हसले. दादाही थोडा हसला. मी फायलीची दोरी सोडत आणि बांधत बसलो. अडसर मी एकदा मारला असं मी म्हणतो, पण खरं तर त्या दिवशी तिथं गप्प बसून दुसऱ्यांदा मारला.

त्यांनी त्याला घेतला. अर्ज दुसरा नव्हताच. वरच्यांना प्रमाणपत्र आणि अनुभव हवा होता, बोटं मोजायला कुणी येणार नव्हतं. तात्पुरती नेमणूक, आणि अट अशी की एकट्यानं मशीन चालवायचं नाही. अपघात केलेला माणूस.

दुसऱ्याच दिवशी मी पंचायतीत गेलो. ग्रामसेवकानं दोन्ही नावं घातली, मी सांगितलं तसं, दादाचं पहिलं. नवीन पाटी आली ती मी ठोकली, जुन्याच भोकांवर. दादा रोज तिच्यासमोरून जातो. त्यानं मान वळवून ती वाचलेली मी अजून पाहिलेली नाही.

वहिनी बायकोशी बोलते. बायको कालवण केलं की वाटी त्या बाजूला नेऊन देते. दादा घरात माझ्याशी बोलत नाही. कॉलेजात बोलतो, पण ते शुद्ध मराठीत आणि 'अहो सर' म्हणून. "अहो सर, मेन चालू करता का?" "सर, वरच्या ट्यूबचा चोक गेलाय." ज्या माणसानं मला जन्मापासून रे, मेल्या म्हटलं, तो मला अहो म्हणतो. कानाखाली खाल्लेली परवडली. त्या कानाला आता ऐकू कमी येतं, पण 'अहो' तेवढं स्पष्ट ऐकू येतं.

मुदतीच्या आत इमारत उभी राहिली. स्लॅबची, लांब, खाडीकडे तोंड केलेली. वायरिंग सगळं मी केलं, विद्यार्थ्यांना घेऊन. नवीन लेथ ट्रॉलीवरून आला त्या दिवशी सारं गाव जमलं. खुर्ची घालणारा आणि डोकं फुटलेला, दोघं चुलतभाऊ एका दोराला लागून ते मशीन उतरवत होते. एकाच्या भुवईवर व्रण होता. मी म्हटलं, "सांभाळून." तर म्हणाला, "आमच्या पट्टीचा आसा, आमी बगतंव."

तेव्हापासून दरवर्षी जूनमध्ये टर्नरच्या नवीन वर्गाचा पहिला तास असतो तो सुरक्षिततेचा. मेन स्विच माझ्या ताब्यात, म्हणून मला तिथं उभं राहावं लागतं. दादा बंद मशीनपाशी उभा राहतो, बाह्या दुमडतो आणि उजवा हात सगळ्यांसमोर पसरतो, भजनात पसरायचा तसाच. "बघा. मशीनकडे दुर्लक्ष केलं की असं होतं." मुलं बघतात. कुणी मान फिरवतं. तो हात तसाच धरून ठेवतो, सगळ्यांचं बघून होईपर्यंत. मी स्विचबोर्डकडे बघत राहतो.

गेल्या वर्षी एक मुलगी होती, बोटीवाल्याची, तोंडाची फटकळ. तिला ते पटेना. तिनं विचारलं, "सर, तुमका तर सगळा म्हायती होता. तीस वर्सां काम केल्लास. मगे हात घातलास कशाक?"

दादाचं दरवर्षीचं उत्तर ठरलेलं होतं, लक्ष नव्हतं. ते त्यानं दिलं नाही. तो वळला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग तिला सांगितलं, मालवणीत.

"आपलाच मशीन, म्हटलंय. आपणाक काय करूचा नाय."

मुलगी हसली. वर्ग हसला. दादानं बाही खाली घेतली आणि म्हणाला, "अहो सर, मेन चालू करा."

मी केला.